कोरा पाइप नावाची गोष्ट नसते

कपडे टांगायच्या दांडीवरचा पांढरा रंग आठ महिन्यांनी सापाच्या कातीसारखा उतरला. एका हँगरचा आकडा अडकला, मी जरासा ओढला, आणि वीतभर पट्टी न तुटता हातात आली. तिच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवलं तर गुळगुळीत, किंचित पिठूळ. ती पट्टी मी फेकली नाही. स्लाइड ठेवायच्या रिकाम्या डबीत घातली आणि वर तारीख लिहिली. पंचवीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काढल्यावर ही खोड जात नाही. काही बिघडलं की आधी नमुना जपायचा, मग चिडायचं.

चिडले मी संध्याकाळी. रंगावर, ब्रशवर, दुकानात 'हा कशावरही बसतो' म्हणणाऱ्या माणसावर. मग बाबांना फोन लावला. बाबा पाइप फिटर होते; बॉयलरच्या लायनी टाकण्यात सगळी नोकरी गेली.

"कशावर लावलास रंग?"

"लोखंडावर, बाबा."

"पाइप काळा होता का चकचकीत?"

"चकचकीत. जीआय."

"मग लोखंडावर कुठे लावलास? जस्तावर लावलास." आणि त्यांनी फोन आईकडे दिला. म्हणजे त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

माझा तिथून सुरू झाला.

जीआय पाइप म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, हे मला माहीत होतं. शाळेत शिकलो आहोत सगळेच. पण रंग लावताना डोक्यात 'लोखंडी पाइप' एवढंच होतं. ज्याला आपण सरसकट ऑइल पेंट म्हणतो, त्या बहुतेक रंगांत तेलापासून आलेली स्निग्धाम्लं असतात. जस्त हवेतल्या ओलाव्याशी खेळत राहतं, त्याच्या पृष्ठभागावर अल्कधर्मी क्षार तयार होत राहतात, आणि ते त्या स्निग्धाम्लांशी मिळून काय करतात, तर साबण. अक्षरशः साबण, जस्ताचा. रंग वरून ठणठणीत दिसतो आणि खाली, जिथे त्याने धातूला धरून ठेवायचं, तिथे साबणाचा पापुद्रा वाढत असतो. पहिले काही महिने काही कळत नाही. मग एक दिवस हँगर अडकतो.

डबीतल्या पट्टीची आतली बाजू पिठूळ का होती, ते तेव्हा कळलं. रंगाचा दोष नव्हता, ब्रशचाही नव्हता. मी ज्यावर रंग लावतेय असं समजत होते, ती वस्तू समोर नव्हतीच.

तेव्हापासून पाइप घरात आला की मी त्याला एकच प्रश्न विचारते: तुझ्यावर आधीपासून काय काय आहे? कारण कोरा पाइप मी अजून पाहिलेला नाही. काळ्या एमएस, म्हणजे मुलामा नसलेल्या साध्या पोलादी, पाइपावर वाहतुकीत गंजू नये म्हणून तेल किंवा पातळ काळं वार्निश फासलेलं असतं. त्याखाली, पाइप तापवून लाटून केलेला असेल तर, निळसर काळी खपली असते, जिला कारागीर मिल स्केल म्हणतात. जीआयवर जस्त, आणि नवा चकचकीत असेल तर त्या जस्तावर पांढरा गंज येऊ नये म्हणून कारखान्यातच दिलेला आणखी एक न दिसणारा थर असू शकतो. आटे पाडलेले असतील तर आट्यांत कापताना वापरलेलं तेल. शिवाय स्टिकरचा गोंद, मापाच्या खडूच्या खुणा, छापलेली अक्षरं, आणि सगळ्यात शेवटी आपल्याच बोटांचे ठसे. या प्रत्येकावर रंग बसतो. बसतो म्हणजे त्या थरावर बसतो, आणि तो थर निघाला की त्याच्याबरोबर निघतो.

आता दांडीचं सांगते. एक इंची पाइप. दोन मीटरचे दोन उभे, एक मीटर ऐंशीचा आडवा, वर दोन एल्बो (काटकोनात वळवणारे जोड), खाली दोन फ्लँज (स्क्रूने बसवायच्या चकत्या). (एक इंची म्हणतात, पण फुटपट्टी लावली तर बाहेरचा व्यास ३३.७ मिलिमीटर भरतो, म्हणजे सव्वा इंचापेक्षाही जास्त. हे 'एक इंच' नेमकं कुठे असतं ते बाबांनाही सांगता आलं नाही. "नाव आहे ते," म्हणाले.)

उरलेला रंग काढायला फार कष्ट पडले नाहीत. साबणाच्या पापुद्र्यावर उभा असलेला रंग, त्याला काय जोर. गरम पाण्यात बुडवलेली फडकी गुंडाळून ठेवली आणि प्लास्टिकच्या खरवडणीने सोलला. जिथे घट्ट होता तिथे रंग उतरवायचं रसायन आणावं असा मोह झाला होता. डब्यावरचं नाव वाचून ठेवून दिला. डायक्लोरोमिथेन असलेली ही रसायनं बंद खोलीत हुंगली गेली की शरीर त्यांचं कार्बन मोनॉक्साइड करतं, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतो. रोज रक्ताच्या बाटल्या हाताळणाऱ्या बाईने अशा रीतीने स्वतःचं रक्त बिघडवणं फारच हास्यास्पद झालं असतं.

मग धुणं. इथे मी वेळ घेते आणि इथेच घ्यावा असं माझं मत आहे. क्रम महत्त्वाचा: आधी तेल काढायचं, मग घासायचं. उलट केलं तर पॉलिश पेपर तेलाला चऱ्यांमध्ये नीट भरून ठेवतो आणि मग ते निघता निघत नाही. भांड्यांचा साबण, गरम पाणी, हातात मोजे. साबणाने धुऊन झालं की स्वच्छ पाण्याने दोनदा, कारण साबण राहिला तर तोही एक थरच.

स्वच्छ झालं का हे ओळखायची युक्ती मला कुणी शिकवावी लागली नाही. लॅबमध्ये काचेच्या स्लाइडवर बोटाचा तेलकट ठसा राहिला तर रक्ताचा थेंब नीट पसरत नाही, ठशाला वळसा घालून जातो. पाइपाचंही तेच. स्वच्छ धातूवर पाणी ओतलं की ते अखंड चादरीसारखं पसरतं आणि तसंच उतरतं. जिथे ते फाटतं, मणी होऊन बसतं, तिथे तेल आहे. फडक्याला काळं येईनासं झालं म्हणून मी समाधान मानणार होते. पाणी ओतल्यावर एल्बोच्या आसपास सगळीकडे मणीच मणी. पुन्हा साबण. तिसऱ्या धुण्याला पाणी सलग उतरलं.

जस्ताला जोरात घासायचं नाही. तो मुलामा जाडीला साधारण डोक्याच्या केसाइतका, आणि लोखंडाला जपणारा तोच आहे. बारीक पॉलिश पेपर ओला करून चमक मरेल एवढंच. त्यावर व्हिनेगरचं फडकं फिरवून दहा मिनिटं ठेवलं. चकचकीत पाइप मंद करडा पडला. मग धुणं, पुसणं. पण नुसत्या व्हिनेगरवर विसंबून वर ऑइल पेंट मारू नका. चमक गेली म्हणजे जस्त गेलं असं नाही, आणि साबण व्हायला जस्त पुरतं. मधे काहीतरी हवं, ज्याच्यात तेल नाही. एचिंग प्रायमर, जो आम्लाने जस्ताला किंचित खाऊन धरतो, किंवा जस्तावर चालतो असं डब्यावर स्पष्ट लिहिलेला पाण्यातला अॅक्रिलिक प्रायमर. मी एचिंग घेतला. त्याचा हात इतका पातळ द्यायचा की खालचा पाइप जरा दिसत राहावा. मला सवयीने वाटत होतं की झाकलं गेलं पाहिजे. नाही. जाड लावला तर त्यातलं आम्ल आतच अडकतं.

दांडी झाली. दोन वर्षं झाली तिला, हँगर रोज सरकतात, आणि जिथे सरकतात तिथे रंगाला थोडी झिलई आली आहे एवढंच.

पुस्तकांच्या मांडणीसाठी मात्र मी मुद्दाम काळा पाइप आणला. पाऊण इंची, बाहेरून २६.९ मिलिमीटर. वाटलं, चला, यात जस्त नाही, सोपं जाईल. काळ्या पाइपाची अडचण अशी की तो रंगवलेलाच वाटतो. मंद काळा, सुरेख. लेक म्हणाली, "आई, असाच ठेव ना." आठवडाभर तसाच ठेवला असता तर पुस्तकांच्या कडांना काळं लागलं असतं, आणि पुढच्या ओल्या हवेत नारिंगी ठिपके.

अॅसिटोनच्या फडक्याने वार्निश निघालं. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेने, घरातली प्रत्येक ज्योत बंद. दोन फडकी लागतात: एक भिजलेलं, लगेच मागून एक कोरडं. एकाच फडक्याने पुसत राहिलं तर तेल फक्त एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सहलीला जातं. आणि टर्पेंटाइनने पुसत असाल तर शेवटचं पुसणं त्याने करू नका. वाळल्यावर ते स्वतःचा तेलकट पापुद्रा मागे ठेवतं. शेवटचा हात मी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा देते, ९९ टक्क्यांचं. औषधाच्या कपाटातलं ७० टक्क्यांचं नको, त्यातलं उरलेलं पाणीच असतं.

वार्निशाखाली मिल स्केल निघाली. ही खपली म्हणजे लोखंडाची ऑक्साइडं, पोलाद हजार-बाराशे अंशांना तापलेलं असताना हवेशी जुळून तयार झालेली. कठीण असते, नखाने निघत नाही, म्हणून ती धातूच वाटते. पण ती ठिसूळ. पाइप कुठे आपटला, पाना घट्ट आवळला, की तडकते, आणि तिच्यावरचा रंग तिच्यासकट उडतो. घरातल्या कोरड्या कोपऱ्यातल्या मांडणीला ती घट्ट असेल तर राहू द्या, असं म्हणणारे लोक आहेत, आणि ते अगदी चूक नाहीत. मला राहवलं नाही.

पन्नास मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप सव्वा मीटर कापला, एका टोकाला टोपण चिकटवलं, बाल्कनीत उभा बांधला आणि त्यात व्हिनेगर ओतलं. सगळ्यात लांब तुकडा एक मीटर वीस सेंटिमीटरचा होता, त्याला दोन-सव्वादोन लिटर पुरलं. मोठ्या टबात हेच करायचं तर पिंप लागलं असतं. रात्रभर बारीक बुडबुडे येत होते. सकाळी पाइप बाहेर काढला तेव्हा त्याच्यावर काळा चिखल, आणि तारेचा ब्रश फिरवला की खालून निघालेलं लोखंड. करडं, निस्तेज, किंचित खरखरीत. लोखंड असं दिसतं हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते.

फार वेळ पाहता आलं नाही. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने आम्ल मारलं, धुतलं, आणि फडकं आणायला आत गेले तेवढ्यात पाइपावर चहाच्या डागासारखा गंज. पाच मिनिटंही झाली नसतील. उघडं लोखंड वाट पाहत नाही. आता मी ड्रायर आधीच लावून ठेवते. धुतलं की लगेच पुसायचं, गरम हवा मारायची, पाइप हाताला कोमट लागला पाहिजे. तरी आलाच पातळ गंज तर कोरड्या हिरव्या घासणीने काढायचा, अल्कोहोलने पुसायचं आणि त्याच तासात प्रायमर.

आणि आतून! पाइपाला आत असतं हे मी विसरले होते. पहिला तुकडा बाहेरून खडखडीत वाळवला, प्रायमरचा सुंदर सलग हात दिला, दुसऱ्या टोकाला लावायला म्हणून उलटा केला, आणि आतून तपकिरी पाण्याची धार ओल्या प्रायमरवरून खालपर्यंत. मी तिथेच खाली बसले. लेक म्हणाली, "छान डिझाइन आलंय." आता दोरीला चिंधी बांधून आरपार दोनदा ओढते, मग ड्रायर एका तोंडाला लावून दुसऱ्या तोंडातून कोमट हवा यायला लागेपर्यंत धरते.

प्रायमर म्हणजे लाल रंग, एवढंच बहुतेकांना माहीत असतं, मलाही तेवढंच होतं. रेड ऑक्साइडमधला लाल रंग हा खुद्द लोखंडाचाच ऑक्साइड, शांत, कशाशी काही न करणारा. तो ओलावा अडवतो, गंजाशी लढत नाही. लढायचं काम झिंक फॉस्फेटसारखी द्रव्यं करतात, म्हणून डब्यावर ते शब्द दिसले तर मी तो डबा घेते. पिवळा झिंक क्रोमेट घरात नको. गंजाला उत्तम आहे, पण त्यातलं क्रोमियम कर्करोगकारक आहे, आणि पॉलिश पेपर मारला की ते हवेत.

यावरून बाबांशी वाद झाला. त्यांच्या मते खरा प्रायमर एकच, शेंदूर. "जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. चाळीस वर्षं पाइपाला काही होत नाही." त्यांचं खरं आहे. शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड, आणि गंमत अशी की तोही तेलाशी मिळून साबणच करतो, शिशाचा. फक्त तो साबण लोखंडाला सोडवत नाही, जपतो. जस्ताच्या साबणाने माझी दांडी सोलली आणि शिशाच्या साबणाने बाबांच्या लायनी टिकल्या. रसायनशास्त्राला न्याय वगैरे काही नसतो.

पण शिसं रक्तात किती चालतं, याचं उत्तर मला बाबांपेक्षा नीट माहीत आहे: जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सुरक्षित म्हणावी अशी पातळीच नाही, आणि लहान मुलांना त्याचा फटका सगळ्यात जास्त. हे मी सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "आम्ही हाताने कालवायचो." मग जरा थांबून, "हात धुवायचो म्हणा नंतर." मी पुढे काही बोलले नाही.

हे सगळं आठवायचं कारण पॅसेजमधला जुना पाण्याचा पाइप. त्याच्यावर आमच्या आधीच्या माणसांनी एकावर एक चार रंग दिलेत, आणि जमिनीलगत जिथे टवका उडाला आहे तिथे तळाशी झळझळीत नारिंगी. रेड ऑक्साइड विटकरी असतो. हा नारिंगी पाहून माझा हात थांबला. उडालेला टवका धातू तपासणाऱ्या लॅबला पाठवला. शिसं होतं. त्या पाइपाला मी खरवडलेलं नाही, पॉलिश पेपर लावलेला नाही, हीट गन तर नाहीच. जो रंग घट्ट आहे तो ओल्या फडक्याने पुसून त्याच्यावर नवा दिला, टवक्याच्या कडा मोजे घालून, खाली प्लास्टिक अंथरून, ओल्याच ठेवून बसवल्या, आणि ती फडकी, ते प्लास्टिक सगळं बांधून वेगळं टाकलं. जुन्या पाइपावर काय आहे हे कळेपर्यंत धूळ उडवायची नाही, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

त्याच पाइपाची दुसरी भानगड म्हणजे घाम. नळ चालू असताना त्यातून गार पाणी जातं आणि बाहेर हवेतला ओलावा त्याच्यावर जमतो. खोलीत २७ अंश आणि आर्द्रता ७५ टक्के असेल तर साधारण २२ अंशांखालच्या कुठल्याही वस्तूला घाम फुटतो. डोळ्यांना दिसायच्या आधीच फुटतो. रंगारी लोकांचा नियम असा की धातू दवबिंदूपेक्षा, म्हणजे घाम फुटायच्या त्या तापमानापेक्षा, किमान ३ अंश गरम पाहिजे. म्हणून आदल्या रात्री मुख्य कॉक बंद केला, पाइप रिकामा केला, सकाळी तो खोलीइतका झाल्यावर ब्रश उचलला. घरचे दुपारपर्यंत बादलीवर होते आणि त्यांनी ते मला ऐकवलं.

(गॅसच्या पाइपाचं विचारू नका. त्याला खरवडणं, उघडणं ही माझी कामं नाहीत. त्याचा रंग ओळखीसाठी असतो, तोही बदलायचा नाही.)

रंग देण्याबद्दल खरं तर फार सांगण्यासारखं नाही. लोक सगळा विचार याच टप्प्याचा करतात. रंग किती आणायचा ते आधी मोजा: दांडीचा सगळा पाइप मिळून ५.८ मीटर, एका मीटरला साधारण ०.१०६ चौरस मीटर, म्हणजे एकूण ०.६१. लिटरभर रंग दहा चौरस मीटर जातो असं धरलं तर एका हाताला साठ मिलिलिटर. मी लिटरचा डबा आणला होता. त्याच्यावर आता एवढी जाड साय आहे की उलटा केला तरी सांडत नाही.

गोल वस्तूला ओघळ खालच्या बाजूला येतात, आणि आपण वरून पाहतो म्हणून ते वाळल्यावर दिसतात. मी पाइपाच्या दोन्ही तोंडांत लाकडी दांडके खोचते, दोन खुर्च्यांच्या पाठींवर ठेवते आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं अधूनमधून पाव फेरा फिरवत राहते. ब्रश शेवटी नेहमी लांबीच्या दिशेने. कापलेल्या तोंडांच्या धारदार कडा आधी कानशीने मोडायच्या. ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि धार जवळजवळ उघडी राहते, गंज तिथूनच सुरू होतो. मी कडांना आधी एक जादा हात देते.

आट्यांनी मला एकदा फसवलं. सगळा पाइप स्वच्छ, पाणी सलग उतरलेलं, तरी जोडाजवळ रंगात माशाच्या डोळ्यांसारखे गोल खड्डे. आट्यांच्या तळाशी कापायचं तेल बसून होतं, ते हळूहळू झिरपत बाहेर आलं. आता जुना दात घासायचा ब्रश आणि अॅसिटोन, प्रत्येक आट्यात. एल्बो आणि टी (तीन तोंडांचे जोड) ओतीव असतात, खरखरीत, त्यांच्या कातडीतही तेल मुरलेलं असतं, त्यांना पाइपाच्या दुप्पट वेळ द्यायचा.

हात पातळ द्या म्हणतात त्यामागे कारण आहे. ऑइल पेंट नुसता वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतो. जाड थर दिला की वरची कातडी आधी धरते, खालच्या रंगाला हवा मिळत नाही, तो ओला राहतो, आणि वर सुरकुत्या. याच कारणाने 'हाताला लागत नाही' म्हणजे 'झाला' असं नसतं. पहिल्या खेपेला दांडीवर मी दुसऱ्याच दिवशी कपडे लटकवले होते आणि हँगरच्या आकड्यांनी रंगात घरं केली. आता आठवडा थांबते, मग अंगठ्याचं नख दाबून बघते. खूण उमटली तर आणखी थांबते. आणि रंग पुसलेली तेलकट फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका: तोच ऑक्सिजन घेताना ती तापतात, इतकी की आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

एक प्रश्न मी अजून नीट सोडवलेला नाही: आधी जोडायचं की आधी रंगवायचं. आधी रंगवलं तर पान्याचे दात ताज्या रंगात उमटतात. आधी जोडलं तर काही कोपऱ्यांत ब्रश जात नाही. मांडणी मी आधी जोडली, भिंतीला लावली, मग रंगवली.

मागच्या महिन्यात बाबा आले होते. चहा हातात घेऊन मांडणीसमोर उभे राहिले, नख दाबून पाहिलं, मान हलवली. मग वाकून खालच्या फ्लँजच्या मागे बोट घातलं, भिंत आणि फ्लँज यांच्या फटीत. बोट बाहेर आलं ते तपकिरी.

"इथे रंग नाही."

"तिथे हात जात नाही, बाबा."

"भिंतीला लावायच्या आधी जातो."

प्रायमर सुट्या भागांना आणि वरचे दोन हात जोडल्यावर, असं त्यांचं म्हणणं पडलं; पान्याच्या जबड्यात कातड्याचा तुकडा धरायचा म्हणाले. फ्लँजला चार स्क्रू आहेत. येत्या रविवारी सगळी पुस्तकं खाली काढून ते उघडायचे आहेत.